मदतीच्या गावी खासदाराची पायधूळ

अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना फर्दापूरच्या तिठ्याजवळ एक विस्तीर्ण अभ्यागत केंद्र लागते. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती तेथे उभारण्यात आल्या. मूळ भित्तिचित्रांवर पर्यटकांच्या गर्दीचा, त्यांच्या श्वासोच्छ्वासाच्या दमटपणाचा भार पडू नये आणि डोंगर चढणे ज्यांना शक्य नाही त्यांनाही अजिंठा पाहता यावा, ही त्यामागची कल्पना होती आणि कल्पना उत्तमच होती. पैसा जपानचा होता. अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपानने १९९२ साली सुमारे ३७४ कोटी येन आणि २००३ साली दुसऱ्या टप्प्यासाठी सुमारे ७३३ कोटी येन अल्प व्याजाच्या कर्जाने दिले. त्या पैशातून रस्ते झाले, वनीकरण झाले, तत्कालीन औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाचे रूप पालटले. या साऱ्याचा लाभ आजही दिसतो. परंतु अभ्यागत केंद्राची कथा निराळी झाली. वीजबिलाची आणि पाणीपट्टीची थकबाकी साचली आणि काही वर्षांतच त्या देखण्या वास्तूला कुलूप लागले.

कर्ज देणाऱ्याच्या कागदोपत्री इमारत पूर्ण झाली होती. कर्ज घेणाऱ्याच्या कागदोपत्रीही ती पूर्ण झाली होती. दोघांच्याही फायली खरे तेच सांगत होत्या. कुलूप मात्र फायलीत दिसत नाही. ते पाहायला दारापर्यंत जावे लागते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना वृत्त आणि प्रवास यांतील भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वृत्त दर महिन्याला येतेच, आकडेही येतात. तरीही कार्यकर्ता एस.टी.ने किंवा आगगाडीने त्या गावी जातो, एखाद्या घरी जेवतो, रात्री गप्पा मारतो, आणि वृत्तातील ‘काम ठीक’ या दोन शब्दांत काय काय दडले आहे ते त्याला कळते. हीच साधी रीत एखाद्या राष्ट्राच्या संसदेने परदेशांत केलेल्या खर्चाच्या बाबतीत पाळावी की नाही, हा या लेखाचा विषय आहे.

जपानने ती पाळायचे ठरविले. २००४ सालापासून जपानी संसदेचे वरिष्ठ सभागृह आपल्या सदस्यांच्या लहान लहान तुकड्या विकसनशील देशांत पाठविते, त्या केवळ विकाससाहाय्याच्या प्रकल्पांची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी. २००६ साली या विषयासाठी त्या सभागृहात एक विशेष समितीही स्थापन झाली. तुकड्यांत सत्ताधारी असतात, तसेच विरोधकही. पाण्याची योजना, बंदर, रुग्णालय, शाळा अशी स्थळे ते पाहतात. तेथील अधिकाऱ्यांशी आणि जपानी स्वयंसेवकांशी बोलतात. परत आल्यावर अहवाल छापला जातो, समितीत त्यावर चर्चा होते आणि परराष्ट्र खात्याला प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. वरिष्ठ सभागृहाने खर्चाच्या हिशेबतपासणीला आपले विशेष कार्य मानावे, हा विचार त्यामागे होता. ‘वरिष्ठ सभागृह हवेच कशाला?’ हा प्रश्न जपानमध्येही विचारला जातो. त्याला दिलेले हे एक उत्तर म्हणता येईल.

यामागे पैशाची चणचणही होती. १९९१ ते २००० हे पूर्ण दशक जपान जगातील सर्वांत मोठा साहाय्यदाता देश होता. पुढे अर्थव्यवस्था मंदावली. विकाससाहाय्यासाठीची अर्थसंकल्पी तरतूद १९९७ साली शिखरावर होती, ती नंतर घसरत घसरत जवळपास निम्म्यावर आली. घरात ओढाताण असताना शेजाऱ्याला दिलेल्या पैशाचा हिशेब घरातील माणसे मागणारच. तो मागण्यात कृपणता नाही.

जपानविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो देश स्वतः याचकाच्या ओळीत उभा राहिलेला आहे. महायुद्धाने बेचिराख झालेल्या जपानने जागतिक बँकेकडून एकतीस कर्जे घेतली. टोकियो-ओसाका शिन्कान्सेन, म्हणजे १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावलेली पहिली अतिवेगवान रेल्वे, तिच्यासाठी १९६१ साली ८ कोटी डॉलर बँकेनेच दिले. या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटला तो जुलै १९९० मध्ये. म्हणजे ज्या वर्षी, १९८९ साली, जपानने मदत देण्यात प्रथमच अमेरिकेला मागे टाकले, त्या वर्षी तो स्वतः अजून ऋणको होता! आणि येनमधील पहिले विकासकर्ज त्याने १९५८ साली दिले ते भारताला. आज मुंबई-अहमदाबाद मार्गावर त्याच शिन्कान्सेनच्या तंत्राने काम चालू आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आपण ज्या पैशाने बांधला त्यातील मोठा वाटा जपानी कर्जाचा आहे. घेण्याची लाज नसावी आणि फेडण्याची टाळाटाळ नसावी, हे त्या देशाकडून शिकावे.

तथापि जपानच्या पाहणीपद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही झाकता कामा नयेत. सुमात्रा बेटावरील कोटोपांजांग धरण जपानी कर्जातून उभे राहिले. १९९७ च्या सुमारास पाणी भरले आणि सुमारे पाच हजार कुटुंबांना गावे सोडावी लागली. नव्या वसाहतीत रबराच्या बागा मिळतील असे आश्वासन होते. लोकांचे म्हणणे असे की बागाही नाहीत आणि पुरेसे पाणीही नाही. २००२ साली ही माणसे थेट टोकियोच्या न्यायालयात गेली. फिर्यादींची संख्या पुढे आठ हजारांवर गेली. २००९ साली जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. वरच्या न्यायालयांतही त्यांना यश आले नाही. कायद्याच्या दृष्टीने जपान सरकार सुटले. पण पुनर्वसनाची स्थिती पाहायला त्या वेळी, पाणी भरण्यापूर्वी, कोणी खासदार गेला असता तर? २००४ ची प्रथा तेव्हा नव्हती. उलट २००८ साली ती प्रथा होती, आणि तरीही व्हिएतनाममधील हो चि मिन्ह नगराच्या महामार्ग प्रकल्पात एका जपानी सल्लागार कंपनीने तेथील अधिकाऱ्याला लाच दिल्याचे प्रकरण उघडकीस आले. जपानने काही महिने व्हिएतनामची मदतच थांबविली. ते प्रकरण दौऱ्यावर गेलेल्या खासदारांनी शोधलेले नव्हते, सरकारी वकिलांनी शोधले. लाच रस्त्याच्या कडेला उभे राहून दिसत नसते. दौरा म्हणजे लेखापरीक्षण नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोटोपांजांगची कथा वाचताना नर्मदेची आठवण होणे अपरिहार्य आहे. सरदार सरोवराच्या जनित्रांसाठी जपानने देऊ केलेले कर्ज १९९० साली थांबले. जागतिक बँकेचे उरलेले कर्ज मार्च १९९३ मध्ये भारतानेच नाकारले. आणि धरण पुढे आपल्या पैशाने पूर्ण होऊन सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राला समर्पित झाले. ते व्हायला हवे होते, हे या लेखकाचे मत आहे आणि कच्छच्या तहानेल्या मुलखात पोहोचलेले पाणी पाहिल्यावर ते बदलण्याचे कारण दिसत नाही. तरीही एक गोष्ट मनाला बोचत राहते. महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे त्या पाण्याखाली जाणार होती. त्या गावांचा प्रश्न १९८९ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे मांडला गेला, टोकियोत त्यावर परिषद झाली. परकीयांनी आमच्या प्रश्नांत नाक खुपसावे याचा संताप योग्यच होता. परंतु सातपुड्याच्या त्या डोंगरदऱ्यांत आपल्या विधिमंडळाचे किती सदस्य होडीने आणि पायी जाऊन त्या वनवासी बांधवांच्या ओसरीवर बसले? घरच्यांनी विचारपूस केली नाही की पाहुणे करतात; मग पाहुण्यांवर रागावून काय उपयोग!

प्रत्यक्ष जाण्याची किंमत काही वेळा फार मोठी असते. अमेरिकेतील टेक्सास राज्याचे प्रतिनिधी मिकी लेलँड हे तेथील प्रतिनिधिगृहाच्या भूकविषयक समितीचे अध्यक्ष होते. ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतून आलेला हा कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी इथिओपिया-सुदान भागात वारंवार जात असे. ७ ऑगस्ट १९८९ रोजी अदिस अबाबाहून सुदानच्या सीमेजवळील फुग्निडो येथील निर्वासितांच्या छावणीकडे जाताना त्यांचे लहान विमान वादळी हवेत डोंगरावर आदळले. ते आणि त्यांच्याबरोबरचे पंधरा जण, कोणीही वाचले नाही. अवशेष सापडायलाच सहा दिवस लागले. ज्या छावणीत मतदार एकही नव्हता, तेथे हा माणूस पुन्हा पुन्हा का जात होता? अहवाल तर त्याच्या टेबलावर येतच होते. ‘परदेश दौरा’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे ओठांवर जे हसू येते, ते हसण्यापूर्वी लेलँड आठवावेत.

अर्थात ते हसू निराधार नाही. जुलै २०२३ मध्ये जपानच्याच सत्ताधारी पक्षाच्या महिला शाखेची मंडळी फ्रान्सच्या अभ्यासदौऱ्यावर गेली आणि आयफेल टॉवरपुढे त्या मनोऱ्याच्या आकारात हात जोडून काढलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. जपानी जनता इतकी खवळली की शाखाप्रमुख खासदारबाईंना ते पद सोडावे लागले. आपल्याकडे तर नगरपालिकांच्या ‘अभ्यासदौऱ्यां’चे किस्से प्रत्येक गावात सांगितले जातात. घनकचऱ्याचा अभ्यास करायला गेलेले मंडळ थंड हवेच्या ठिकाणी दोन दिवस मुक्कामाला असते, आणि कचरा होता तेथेच राहतो.

मजा मारण्याचा हेतू नसलेला, प्रामाणिक खासदारही फसतो, ही त्याहून अवघड बाब. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली ग्रामविकासावर लिहिलेल्या ग्रंथात या फसगतीचे मार्मिक विवेचन केले आहे. शहरातून आलेला पाहुणा डांबरी सडकेच्या कडेचे गाव पाहतो, आतले पाहत नाही. तो कोरड्या ऋतूत येतो. पावसाळ्यात, जेव्हा रोगराई आणि उपासमार असते, तेव्हा रस्ते बंद असतात. त्याला पुरुष भेटतात, स्त्रिया भेटत नाहीत. सरपंच भेटतो, भूमिहीन भेटत नाही. औषध घेऊन बरा झालेला भेटतो, मेलेला तर भेटूच शकत नाही. चेंबर्स यांनी याला ग्रामीण विकासाचे पर्यटन म्हटले. मंत्र्यांचा दौरा ठरला की रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागतो, शाळेतील मुलांना नवे गणवेश येतात आणि बंद पडलेला हातपंप एका दिवसापुरता पाणी देतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्या महाराष्ट्रातील माणसाला चेंबर्स वाचायचीही आवश्यकता नाही.

आणि पाहिला जाणारा काय विचार करत असतो? याचा अनुभव आपल्या देशाने भरपूर घेतला आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने नवी कर्जे गोठविली, ती ऑक्टोबर २००१ पर्यंत. मदतीचा हात कधी कान पिरगाळेल याचा नेम नसतो. म्हणूनच अटलजींच्या शासनाने २००३ साली जो निर्णय घेतला त्याचे मोल मोठे आहे. अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात लहान दात्या देशांची मदत यापुढे नको, त्यांची कर्जे मुदतीपूर्वी फेडू आणि आपणच इतर गरीब देशांना साहाय्य करू, असे धोरण मांडले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झाला असताना भारताने परकीय सरकारांची मदत नम्रपणे नाकारली आणि त्याच दिवसांत आपल्या नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे रवाना केली.

तरीही ब्रिटनची मदत चालूच राहिली. ब्रिटिश संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीचे सदस्य भारतात येऊन गेले आणि २०११ साली त्यांनी अहवाल दिला: मदत २०१५ पर्यंत चालू ठेवावी, पुढे तिचे स्वरूप बदलावे. अंतराळात याने पाठविणाऱ्या देशाला पैसे कशाला, हा तेथील वृत्तपत्रांचा प्रश्न होता. आम्ही मागितलेत कधी, हा आपला. अर्थमंत्री असताना प्रणव मुखर्जी यांनी ही मदत आपल्या विकासखर्चाच्या मानाने क्षुल्लक आहे आणि तिची आपल्याला गरज नाही, अशा अर्थाचे उद्गार संसदेत काढले होते. २०१५ अखेर ती अनुदाने थांबली. पण त्या समितीचा अहवाल चाळताना मान्य करावे लागते की त्या गोऱ्या खासदारांनी आपल्या मतदाराच्या पैशाचा माग हजारो मैलांवर येऊन काढला होता. पर्गाऊ धरणाचा चटका त्यांना बसलेला होता. मलेशियातील त्या धरणासाठी ब्रिटनने २३.४ कोटी पौंड दिले. शस्त्रखरेदीशी त्याचा संबंध जोडला गेला. खात्याच्या सचिवाने हा खर्च किफायतशीर नाही असे लेखी कळवूनही तो झाला. आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरविला.

आता पारडे फिरले आहे. १९६४ पासून चालत आलेल्या तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजनेपासून आजच्या अब्जावधी डॉलरांच्या कर्जमर्यादांपर्यंत भारताने मोठा पल्ला गाठला आहे. २०१२ साली परराष्ट्र खात्यात या कामासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. अफगाणिस्तानात आपल्या सीमा रस्ते संघटनेने जरंज-देलाराम महामार्ग बांधला. त्या रस्त्यासाठी आपल्या माणसांनी प्राण वेचले. हेरातजवळचे सलमा धरण २०१६ साली पूर्ण झाले. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत पन्नास हजार घरांना आपण साहाय्य केले. श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व भागांत व चहामळ्यांतील तमिळ बांधवांसाठीही घरे उभी राहिली. याउलट पाश्चात्त्य दाते माघार घेत आहेत. अमेरिकेची १९६१ पासूनची विकाससाहाय्य संस्था १ जुलै २०२५ पासून कार्यातून गेली. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के देण्याचा कायदा २०१५ साली केला होता. २०२७ पर्यंत हे प्रमाण ०.३ टक्क्यांवर आणण्याचे त्याने जाहीर केले आहे. जी पोकळी होत आहे ती भरायला चीन टपलेला आहे आणि हंबन्टोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेल्यानंतर चिनी पैशाचा अर्थ शेजाऱ्यांना कळू लागला आहे. भारताची मदत निराळी आहे, असे आपण म्हणतो. ते आपल्यालाच तपासून पाहायला नको काय?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी रुपये होते. त्या देशातील १,२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ जलविद्युत प्रकल्पाचे काम २००८ च्या सुमारास सुरू झाले. २०१३ साली धरणाच्या उजव्या तीरावरील डोंगर खचू लागला. सुमारे साडेतीन हजार कोटींचा अंदाज नऊ हजार कोटींपुढे गेला आणि मुख्य धरणाचे काम पुन्हा हाती घेण्याचे ठरले ते २०२५ साली. पैसा भारताचा, अनुदान आणि कर्ज अशा दोन्ही रूपांनी. म्यानमारमधील कलादान मार्गाचा करार २००८ चा. सितवे बंदर मे २०२३ मध्ये चालू झाले, पण नदीवरचे पालेत्वा जानेवारी २०२४ मध्ये बंडखोर सेनेच्या हाती गेले आणि मिझोरामकडे येणारा रस्ता अपुराच आहे. या विलंबांवर परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने विचार केलेला नाही असे नाही. पण समितीपुढे जे येते ते खात्याच्या सचिवांच्या तोंडून येते आणि समित्यांचे अभ्यासदौरे मुख्यत्वे देशाच्या सीमेच्या आतच होतात.

परराष्ट्र खात्याचा आक्षेप सहज कल्पिता येतो. यजमान देशाला हे आवडणार नाही. दुसऱ्याच्या सार्वभौम भूमीवर आपले खासदार वह्या घेऊन हिंडले तर चीनच्या कर्जात आणि भारताच्या स्नेहात फरक तो काय राहिला? आक्षेप हलका नाही. ब्रिटिश खासदार आपल्या गावांतून हिंडत होते तेव्हा आपल्यालाही ते रुचले नव्हते. परंतु उपाय आहे. भूतानच्या, नेपाळच्या संसदसदस्यांना बरोबर घ्यावे. पाहणी दोघांनी मिळून करावी. प्रकल्प दोघांचा आहे आणि वीज विकून मिळणारा पैसा भूतानच्या तिजोरीत जातो, तेव्हा उशिराची झळ त्यांनाही तितकीच बसते. चार-पाच सदस्य पुरेत. त्यांत निदान एक विरोधी पक्षाचा आणि एक स्थापत्य जाणणारा असावा, कुटुंबीय नसावेत. कार्यक्रमपत्रिकेतील एक दिवस कोरा ठेवावा, म्हणजे दूतावासाने न ठरविलेल्या ठिकाणी जाता येईल. जावे ते पावसाळ्यात. आणि अहवाल पुढील अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर यावा, त्यातील शिफारशींचे काय झाले ते वर्षभराने खात्याने सांगावे. खर्च? पुनात्सांगछूच्या वाढलेल्या खर्चाच्या एका दिवसाच्या व्याजातही तो भागावा.

दिल्लीहून पारोला थेट विमान जाते. तेथून वांगदी फोड्रांगचा घाट मोटारीने काही तासांचा आहे. भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसाही लागत नाही.